काढून टाकायचं इंग्रजी

साताऱ्यातल्या शाळेत मी तेहेतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्या तेहेतीस वर्षांत एकाही इंग्रजाशी एक वाक्यसुद्धा बोलले नाही. तशी वेळच आली नाही. इंग्रजी ही पेपरात लिहायची आणि पेपर संपला की विसरायची भाषा, असंच मुलांना वाटायचं आणि खरं सांगायचं तर मलाही. निवृत्त झाल्यावर शाहूपुरीतल्या घराच्या पुढच्या खोलीत बोलायच्या इंग्रजीचा क्लास सुरू केला, तेव्हा पहिल्यांदा अशी माणसं समोर आली ज्यांना ही भाषा उद्या सकाळी कामावर लागणार होती. एमआयडीसीतले कामगार, परदेशातल्या नवऱ्याकडे निघालेल्या नव्या सुना, आणि आमच्या गावात जिकडे तिकडे भेटतात ते निवृत्त फौजी.

शाळेतल्या मुलांना व्याकरण लागतं. या मंडळींना व्याकरण नको होतं. त्यांना कळायला हवं होतं की समोरचा साहेब हसून बोलतोय, पण तो खूश आहे की वैतागलाय? म्हणून मी वाक्प्रचारांचे गट पाडले. दर आठवड्याला एक गट फळ्यावर. कंटाळा दाखवायचे, तुच्छता दाखवायचे, नकार देऊनही गोड राहायचे. इंग्रजीत माणूस रागावला की आवाज चढवत नाही, शब्द बदलतो, असं मी मोठ्या अधिकाराने सांगायची. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ म्हणजे ‘तुमचा पूर्ण मान राखून’, आणि हे शब्द आले की ओळखायचं, पुढच्या वाक्यात मान अजिबात राखला जाणार नाहीये. ‘आय कुडन्ट केअर लेस’ म्हणजे मला काडीचीही फिकीर नाही. वर्ग हसायचा, वह्या भरायच्या.

या मंडळींतले माझे लाडके विद्यार्थी हवालदार खरात. माण तालुक्यातले, मेंढरांमागे वाढलेले, सैन्यात बावीस वर्षं काढून एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षा प्रमुख म्हणून लागलेले. मिशा पांढऱ्या, पण बसणं वर्गातही ताठ. एकदा त्यांच्या मॅनेजरांचं एका व्यापाऱ्याशी जोरदार वाजलं. मॅनेजर केबिनमधून ओरडले, “खरात, शो हिम द डोअर!” म्हणजे याला हाकलून द्या. हवालदारांनी शब्दाला शब्द लावला. दार दाखवा म्हणजे दारापर्यंत पोचवा. त्यांनी व्यापाऱ्याला “या सायेब” म्हणत अदबीनं बाहेर आणलं, दार उघडून धरलं, उन्हातून आलेला माणूस म्हणून पाणी दिलं आणि रिक्षात बसवून कडक सलाम ठोकला. व्यापाऱ्याचा राग तिथंच विरघळला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः परत आला आणि भांडण मिटलं.

“मग मॅनेजर काय म्हणाले?” मी विचारलं.

“काय म्हंत्यात? म्हणाले, खरात, तुमी बरोबर केलं. पर बाई, म्या काय केलं ते मला अजून कळलं न्हाई. तेवढं सांगा.”

हवालदारांनीच सारिकाला क्लासमध्ये आणलं. त्यांच्याच कारखान्यात ती मालाच्या कागदपत्रांचं काम करायची. उंब्रजहून रोज एसटीनं येणारी, बी. कॉम. झालेली, पंचविशीतली सून. नवरा फौजेत, सरहद्दीकडे कुठंतरी. घरी सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. “पोरगी लय हुशार हाय,” हवालदार म्हणाले, “पर इंग्रजी फोन आला की थरथरती.”

कारखाना नुकताच एका इंग्लंडच्या कंपनीनं विकत घेतला होता. त्यामुळे फोन वाढले होते आणि भीतीही. कुणाला ठेवणार, कुणाला काढणार, याच्याच गप्पा कॅन्टीनमध्ये चालायच्या. सारिका कामावरून सुटली की थेट माझ्याकडे यायची आणि सव्वासातची गाडी पकडून घरी जायची. पुढच्या ओळीत बसायची. तिची वही मी इतरांना दाखवायची. प्रत्येक वाक्प्रचाराखाली तिनं स्वतःचं एक वाक्य लिहिलेलं असायचं.

त्या आठवड्यात मी काढून टाकण्याचा गट घेतला होता. या कामासाठी इंग्रजीनं इतके शब्द जमवून ठेवलेत की दोन फळे पुरत नाहीत. जुना सोफा टाकायचा त्याला वेगळा, नकोसा पाहुणा घालवायचा त्याला वेगळा, एखाद्या प्रकरणातून अंग काढून घ्यायचं तर ‘वॉश युवर हँड्स ऑफ’, आणि एखादी ब्याद टळली की ‘गुड रिडन्स’, म्हणजे बरं झालं, पीडा गेली. यादीच्या शेवटी मी लिहिलं होतं, ‘लेट समवन गो’. शब्दशः, कुणाला तरी जाऊ देणं. आणि समोर ठळक अक्षरांत, नोकरीवरून काढणं. वर मी टिप्पणीही केली होती, “बघा, काढून टाकतानासुद्धा असं दाखवतात, जणू काही तुम्हालाच जायचं होतं आणि यांनी परवानगी दिली.” वर्ग खूप हसला. मला ते वाक्य स्वतःलाही आवडलं होतं.

सारिका त्या दिवशी उशिरा आली होती. तास संपल्यावर सगळे चपला घालत होते, तेव्हा ती फळ्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला.

“बाई, हे शेवटचं... साहेबानं फोनवर असं म्हटलं तर तोच अर्थ होतो?”

“कोणत्या साहेबानं?”

“इंग्लंडच्या. नवीन साहेब आहेत ना, हॅरिसन म्हणून, ते एकेकाला फोन करून बोलतायत. आज माझा नंबर होता. शेवटी म्हणाले, आय विल लेट यू गो.”

मी डस्टर हातात घेऊन उभी होते. आत गॅसवर कुकर लावलेला होता. तिच्याकडे बघितलं, वाईट वाटलं, आणि मी म्हणाले, “हो गं. तोच अर्थ. फार सभ्यपणे सांगतात ती माणसं.”

बस, एवढंच. तेहेतीस वर्षं मी मुलांना सांगत आले होते की शब्दाचा अर्थ विचारू नका, पूर्ण वाक्य सांगा, मग अर्थ सांगते. त्या दिवशी मी स्वतः ते विचारलं नाही. “फळ्यावर आहे तेच,” असं काहीतरी वर म्हणालेसुद्धा. तिनं मान हलवली, वही पिशवीत घातली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती क्लासला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हवालदारांची त्या आठवड्यात सुट्टी होती, ते गावी गेले होते, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं. मला वाटलं, बिचारी घरी बसली असेल. फोन केला तर बंद.

चौथ्या दिवशी दुपारी मी सांगलीला निघाले होते. थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. सातारा स्टँडवर गाडीची वाट बघत बाक शोधत होते, तर कोपऱ्यातल्या बाकावर सारिका. कामावर जायचा निळा ड्रेस, गळ्यात ओढणी नीट पिन केलेली, मांडीवर डबा. भाकरीचा तुकडा हातात धरून समोर लागणाऱ्या गाड्यांकडे नुसती बघत होती.

“सारिका? तू इथं?”

ती दचकून उठली. डबा सावरता सावरता भाजी सांडली. “काही नाही बाई, बसले होते.”

“कामावर...” आणि माझं मलाच आठवलं, तिचं काम तर गेलं होतं. “मग घरी का नाही बसलीस?”

मी तिच्या शेजारी बसले आणि तिनं सांगितलं. नोकरी गेल्याचं तिनं घरी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंना ती आत्या म्हणते. त्या पहाटे उठून भाकरी करतात, डबा भरतात, नातीला बालवाडीत सोडतात, हिच्या नोकरीसाठी. त्यांना काय सांगायचं? म्हणून ती तीन दिवस रोजच्या गाडीनं साताऱ्याला येत होती, रोजच्या वेळेपर्यंत स्टँडवर बसत होती आणि रोजच्या गाडीनं परत जात होती. दुपारी डबा खायची, कारण डबा तसाच नेला तर आत्या विचारतील.

“ऑफिसातून कुणी विचारलं नाही?”

“फोन बंद ठेवलाय. आणि बाई, मी एक पत्र पाठवलं साहेबांना. मेलवर. त्याच दिवशी, गाडीत बसून.”

“कसलं पत्र?”

तिनं फोन सुरू केला आणि माझ्या हातात दिला. चार ओळींचं पत्र होतं. डिअर सर, विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट, आय कुडन्ट केअर लेस. यू हॅव वॉश्ड युवर हँड्स ऑफ मी. गुड रिडन्स. खाली नाव. म्हणजे, साहेब, तुमचा पूर्ण मान राखून सांगते, मला काडीचीही फिकीर नाही, तुम्ही माझ्या बाबतीत हात झटकलेत, बरं झालं, पीडा गेली.

सगळं माझ्या फळ्यावरचं. आणि खरं सांगू, तशातही मास्तरकीचा एक कोपरा डोक्यात म्हणालाच, एकही चूक नाही.

“सारिका, फोनवर ते नेमकं काय म्हणाले? अगदी शेवटचं. आठव.”

“मी त्यांना म्हटलं होतं की मी उंब्रजहून येते, बसनं. मग शेवटी म्हणाले, यू विल मिस युवर बस. आय विल लेट यू गो.”

तुझी बस चुकेल. जा तू आता.

समोर सांगलीची गाडी लागली. कंडक्टर “कराड, इस्लामपूर, सांगली” म्हणून ओरडत होता. मी उठले नाही. फोन ठेवताना इंग्रज माणूस असं म्हणतो. ‘तुमचा फार वेळ घेत नाही’ असं आपण म्हणतो, तसंच. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, विसरले नव्हते. फक्त त्या संध्याकाळी मला माझ्या फळ्यापलीकडचं काही दिसलं नव्हतं.

“त्यांनी तुला काढलेलं नाही,” मी म्हणाले. “तुझी गाडी चुकू नये म्हणून फोन ठेवला त्यांनी. चूक माझी आहे.”

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाली, “मला आधी तसंच वाटलं होतं, बाई. फोन ठेवल्यावर मी मैत्रिणीला म्हटलंसुद्धा, साहेब किती चांगले आहेत, बसची आठवण ठेवली. मग क्लासला आले आणि फळ्यावर बघितलं.”

हे मी आजही विसरू शकत नाही. तिला बरोबर कळलं होतं. मी तिचं बरोबर उत्तर खोडून चूक लिहायला लावलं होतं.

तिच्या फोनवर मेल येऊन पडले होते. हॅरिसन साहेबाचं उत्तर तीन दिवसांपूर्वीच आलं होतं, तिनं पत्र पाठवल्यावर तासाभरात. भीतीनं तिनं उघडलंच नव्हतं. साहेबानं लिहिलं होतं, माझ्याकडून काय चुकलं ते कळत नाही, पण मला वाईट वाटतं, आपण बोलू या का? त्याच्या खाली मात्र इथल्या मॅनेजरांचं, जाधव साहेबांचं पत्र होतं. उद्धट वर्तन आणि न सांगता गैरहजेरी, आज संध्याकाळपर्यंत खुलासा न आल्यास सेवा समाप्त.

म्हणजे न गेलेली नोकरी आता खरंच जायची होती.

आम्ही रिक्षा केली. एमआयडीसीच्या रस्त्यानं जाताना मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. गेटवर हवालदार खरात. आजच रजेवरून आलेले.

“आवं बाई! तुमी हितं? आन् ही पोरगी कवापास्नं गायब हाय? आत जाधव सायेब लय तापल्यात.”

“हवालदार, आत सोडा. सगळं सांगते नंतर.”

त्यांनी रजिस्टर पुढं केलं नाही. स्वतः पुढं चालत आम्हाला केबिनपर्यंत घेऊन गेले आणि दारात उभे राहिले.

जाधव साहेब चाळिशीतले, घाबरट स्वभावाचे गृहस्थ. नव्या मालकांपुढे आपलं काय होणार ही चिंता त्यांच्या टेबलावर फायलींसारखी पडलेली दिसत होती. “मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हीच सांगा,” ते म्हणाले, “मालकाला ‘गुड रिडन्स’ लिहिलंय हिनं! मी काय उत्तर देऊ? मी तर दुसरी मुलगी बघायलासुद्धा सांगितलंय.”

“चूक तिची नाही, माझी आहे. मला तुमच्या साहेबांशी बोलू द्या.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मालकाकडे लग्नाचं स्थळ घेऊन आलेय. पण व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. पडद्यावर एक गोल चेहऱ्याचा, टक्कल पडलेला माणूस आला, मागे खिडकीत पाऊस.

शाळेतली तेहेतीस वर्षं, वर क्लासच्या तीन-तीन महिन्यांच्या तुकड्या, आणि इंग्रजाशी बोलायची ही पहिलीच वेळ. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, चूक तिची नाही, माझी, मी तिला चुकीचा अर्थ सांगितला. ते नीट झालं. मग साहेब बोलायला लागले आणि मला एक अक्षर कळेना. मी आयुष्यभर रेडिओवरचं इंग्रजी ऐकलेलं. हा माणूस शब्द गिळत होता, ‘बस’ला ‘बूस’ म्हणत होता. मी नुसती मान हलवत राहिले, आणि मान हलवताना मला माझेच विद्यार्थी आठवले, न कळता “येस मॅडम” म्हणणारे.

शेजारून सारिका हळूच म्हणाली, “बाई, ते म्हणतायत, त्यांच्या आई फोन ठेवताना नेहमी असंच म्हणायच्या. त्यामुळे सवयीनं तोंडातून गेलं. त्याचा दुसरा अर्थ इथं लागू शकेल हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.”

साहेब पुन्हा काहीतरी बोलून हसले.

“आता काय म्हणाले?”

सारिका लाजली. “म्हणतायत, पत्रात एक तरी चूक असती तर वाटलं असतं की गैरसमज आहे. सगळं बरोबर होतं म्हणून जास्त भीती वाटली.”

माझी विद्यार्थिनी माझ्यासाठी भाषांतर करत होती. ती फोन आला की थरथरणारी मुलगी आता सरळ साहेबाशी बोलत होती, कारण मला कळत नव्हतं आणि कुणीतरी बोलणं भाग होतं. पत्राबद्दल तिनं स्वतःच माफी मागितली. स्टँडवर बसल्याचं मात्र सांगितलं नाही. साहेबानं जाधवांना काहीतरी सांगितलं, जाधवांचे खांदे खाली आले, आणि त्यांनी बेल वाजवून चहा मागवला. टाइप करून ठेवलेलं सेवा समाप्तीचं पत्र त्यांनी आमच्यासमोर फाडलं. जरा जास्तच बारीक तुकडे केले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “त्यांना एक रीतसर पत्र पाठवायला हवं. मी लिहून देते.”

“नको बाई,” सारिका म्हणाली, “मीच लिहिते.”

बोलण्यात राग नव्हता. पण मला लागायचं ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

पुढच्या तासाला मी वर्गाला झालेलं सगळं सांगितलं. लपवून काय करणार होते? फळ्यावर ‘लेट यू गो’ लिहिलं आणि खाली दोन्ही अर्थ. हवालदार मागून म्हणाले, “म्हंजी बाई, आमच्या फौजंत जसं ‘जा’ म्हटल्यावर आधी तोंडाकडं बघायचं, सायेब रजेवर पाठवतोय का सीमेवर, तसंच की!” तेव्हापासून मी कुठल्याही वाक्प्रचारासमोर एकच अर्थ ठळक अक्षरांत लिहीत नाही. आधी विचारते, कोण, कुणाला, कधी म्हणालं? तास हळू चालतो, यादी लहान झाली. क्लास अजून चालू आहे, बरा चालू आहे. हॅरिसन साहेबाचे फोन आता सारिकाच घेते, आणि कधी कधी संध्याकाळी येऊन मला सांगते, आज त्यांनी हा नवीन शब्द वापरला. मी वहीत लिहून घेते.

दोन महिन्यांनी तिनं मला उंब्रजला जेवायला बोलावलं. हायवेला लागून घर, मागं सोयाबीन. तिच्या आत्या म्हणजे बुटक्या, काटक, बोलायला फटकळ. पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत, आणि वाढताना हात आवरता न येणाऱ्या. मी ताटावर हात धरूनही चौथी भाकरी पडलीच. सारिका मुलीला घेऊन मागच्या दारी गेली तेव्हा त्या माझ्यासमोर बसल्या.

“तुमीच व्हय त्या इंग्रजीच्या बाई?”

मी मान खाली घातली. “हो. माझ्यामुळंच तिला तीन दिवस...”

“सांगितलं तिनं मला. समदं सांगितलं. पर लय उशिरा सांगितलं, महिना झाल्यावर.” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. “तुमचा राग न्हाई मला. माणूस हाय, चुकतंय. तिचा आला. तीन दिस एकटी बसली त्या स्टँडवर. म्या तिला म्हटलं, येडे, मला सांगायचं न्हाईस? म्या बी आले असते. दोघी मिळून बसलो असतो.”

मागच्या दारातून सारिकाची मुलगी धावत आली आणि आजीच्या पाठीवर पडली. आत्यांनी तिला तशीच पाठीवर घेतली, पुढं वाकल्या, आणि माझ्या ताटात पाचवी भाकरी वाढली.